तुम्ही विचारलंत म्हणून : एसएमपीएस किती वॉटचा घ्यायचा?

गेमिंग पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला की पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या आधी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "पाचशेचा घेऊ की साडेसहाशेचा?"

खोक्यावरचा मोठा आकडा नंतर बघा. आधी दुकानदाराकडून एसएमपीएस हातात घ्या आणि त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने दिसतील. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात, म्हणून त्या रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट झाले, म्हणजे ६५० चा माल खरा. 'पाचशे वॉट' छापलेल्या स्वस्त डब्यावर १६ च अँपिअर असतील, तर गेमिंगसाठी तो फक्त १९२ वॉटचा आहे. कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता तुमची गरज. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाला १७० वॉट, आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसरला जास्तीत जास्त ११७, बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ. साडेतीनशेच्या आत बसलं. चांगला ५५० चा पुरेल. पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ६५० घ्या. वीजबिलाची भीती नको, एसएमपीएस गरजेपुरतंच ओढतो. मोकळी जागा ठेवायची ती झटक्यांसाठी. कार्ड क्षणभर आपल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त वीज मागतं. दिवसभर नीट चालणारा पीसी गेम सुरू होताच फटकन बंद पडतो, तेव्हा बहुधा हेच घडत असतं. एटीएक्स ३.० किंवा ३.१ (एसएमपीएसची नवी मानकं) लिहिलेले एसएमपीएस हे झटके धरूनच बनवतात. 'गोल्ड', 'ब्रॉन्झ' या शिक्क्यांवरून मात्र वीज किती वाया जाते एवढंच कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते केबलींमुळे. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसमध्ये बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत मॉडेलगणिक बदलतो. जुनी केबल नव्यात अगदी घट्ट बसते आणि पाचच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क जळते. जुन्या एसएमपीएसबरोबर त्याची एकूण एक केबल बाहेर काढा. आठ पिनी कनेक्टरही नीट बघा : चार-चार असा दुभंगतो तो प्रोसेसरचा, सहा-दोन असा दुभंगतो तो कार्डाचा. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीच्या जागी घालताय. कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील तर दोन वेगळ्या केबली ओढा.

वळवाच्या दिवसांत लाइट जाते म्हणून यूपीएस असेलच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यामुळे गेमिंग पीसी आणि मॉनिटर यांच्या एकत्र भाराने ऐन गेममध्ये तो बंद पडतो. एक हजार व्हीएच्या पुढचाच घ्या.

आणि नवा एसएमपीएस बसवल्यावर कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्या, तर लगेच बदलून आणायला धावू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित प्रवाह पत्र्यावर येतच असतो, त्याला वाट अर्थिंगची. पेठेतल्या जुन्या घरांत प्लगच्या वरच्या मोठ्या भोकामागे पुष्कळदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून आधी ते तपासून घ्या.