सून डॉक्टर ना? मग दवाखाना कुठंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न आईला नाशकात भाजी घेताना विचारतात आणि मी सुट्टीवर आलो की मला विचारतात. "सून डॉक्टर ना? मग दवाखाना कुठंय तिचा?" दवाखाना नाही म्हटलं की "मग कुठल्या हॉस्पिटलात?" सध्या कुठल्याच नाही, असं खरं उत्तर दिलं की समोरचा समजूतदार चेहरा करतो आणि विषय द्राक्षांच्या भावाकडे वळवतो.

माझी बायको फिलिपिनो, इलोइलोची. आम्ही राहतो मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत, कुबाओ भागातल्या बसस्टँडांपासून चालत जाता येईल अशा जागी. घर तिथं घ्यायचं कारण ती बसच. आठवड्यातून दोनतीनदा ती बस पकडून गायब होते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उगवते. शेजाऱ्यांना वाटतं नवरा-बायकोचं पटत नसावं.

इथं डॉक्टर व्हायला आधी चार वर्षांची साधी पदवी लागते, मग चार वर्षं मेडिकल, मग एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर सरकारी परवाना परीक्षा. बारा विषय, चार दिवस, सरासरी 75 टक्के हवी आणि एकाही विषयात 50 च्या खाली घसरून चालत नाही. पास झालं की गावात फोटोसकट टार्पोलिन लागतं. आपल्याकडे 'भावी नगरसेवक' लागतात तसंच, फक्त हिनं त्यासाठी काहीतरी केलेलं होतं. तो बॅनर सासूबाईंनी पुढं कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसाला अंथरला. नावासकट अजून तिथंच आहे.

पण परवाना मिळाला म्हणजे नोकरी लागली असं नाही. स्पेशालिस्ट व्हायचं तर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घेतलेलं पुढचं शिक्षण, करावी लागते आणि त्यासाठी इथं आपल्या नीट-पीजीसारखी देशभरची एक परीक्षा नाही. प्रत्येक हॉस्पिटल आपापले उमेदवार निवडतं. अर्ज, मुलाखत आणि त्यानंतर 'प्री-रेसिडेन्सी'. म्हणजे काही आठवडे तुम्ही त्या वॉर्डात रेसिडेंटच्या बरोबरीनं राबायचं, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि सीनियर मंडळी बघणार की हा माणूस छत्तीस तासांनंतरही माणसासारखा बोलतो का. मला हा प्रकार साफ मान्य नाही. बायकोचं म्हणणं, लेखी परीक्षेपेक्षा हे बरं, निदान आपणही त्यांना बघून घेतो. तिनं एका ठिकाणी बघून घेतलं. दोनच जागा होत्या, तिसरा नंबर हिचा.

बहुतेक ठिकाणी नवी तुकडी जानेवारीत सुरू होते. म्हणजे जागा हुकली की वर्ष मोकळं. या मोकळ्या वर्षात जे चालतं त्याला इथं मूनलायटिंग म्हणतात आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे.

फोनवर डॉक्टरांचे ग्रुप असतात. "उद्या सकाळी आठ ते परवा आठ, रिलीव्हर हवा, नुएवा एसिहा, जेवण-झोपायची खोली आहे." रिलीव्हर म्हणजे बदली डॉक्टर. असा मेसेज पडला की मिनिटाभरात कुणीतरी "माझी" लिहितं. बायको दात घासताना एका हातानं लिहिते. तिची पिशवी कायम भरलेली: स्टेथोस्कोप, छोटी बॅटरी, स्लिपर, उशीचा अभ्रा (खोलीतल्या उशीवर तिचा विश्वास नाही), बिस्किटं आणि रबरी शिक्का. शिक्क्यावर नाव, परवाना क्रमांक आणि त्या वर्षीच्या व्यवसायकराच्या पावतीचा क्रमांक. हा क्रमांक दर वर्षी बदलतो, म्हणून आमच्याकडे जानेवारीत नवं कॅलेंडर आणि नवा शिक्का एकदमच येतात.

काम छोट्या खासगी हॉस्पिटलात. रात्री अख्ख्या इमारतीत डॉक्टर ती एकटी; स्पेशालिस्ट फोनवर, तेही फोन उचलला तर. कुत्रं चावलेलं पोर, मोटरसायकलवरून पडलेला, दम्यानं धापा टाकणारी म्हातारी. शांत रात्रीला इथं 'बिनाइन' म्हणतात आणि धावपळीच्या रात्रीला 'टॉक्सिक'. रात्र शांत असली तरी तसं बोलायचं नाही, नजर लागते. ड्यूटीवर पान्सित, म्हणजे शेवयांसारखा नूडल्सचा पदार्थ, आणला तरी पेशंटची रांग लागते म्हणे. एवढं शिकलेली माणसं, पण एका नर्सनं वाढदिवसाचं पान्सित आणलं तेव्हा डबा उघडूही दिला नाही.

एकदा असाच एक शेतकरी आला, श्वास लागलेला. तिनं श्वासनळीत नळी घातली, पण व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. अशा वेळी नळीला जोडलेला हवेचा फुगा हातानं दाबत राहायचं. नर्स दोन, वॉर्ड भरलेला. म्हणून तिनं पेशंटच्या भाच्याला शेजारी उभं केलं, त्याचा हात फुग्यावर ठेवला आणि मोजायला शिकवलं. मोजून दाब, सोड, पुन्हा मोज. घाई केलीस तर हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही. भाचा थकला की भाऊ, भाऊ थकला की शेजारी. ही तोवर फोनवर, एकेका मोठ्या हॉस्पिटलला विचारत. बेड नाही. बेड नाही. नंतर करा. पहाटे दुसऱ्या प्रांतात बेड मिळाला, भाचा फुगा दाबतच ॲम्ब्युलन्समध्ये चढला. आठला हिची ड्यूटी संपली आणि ती बसमध्ये बसली.

पुढं काय झालं, तिला माहीत नाही. रिलीव्हरला पुढचं कळत नाही. तिच्याशी बोलताना मला हळूहळू उमगलं की तिला खुपतं ते हे. झोप, पैसा, तुमचे प्रश्न, यातलं काही नाही. आपण दिलेलं औषध लागू पडलं का, निदान बरोबर होतं का, चुकलं असेल तर कुठं, हे सांगायला वर कुणी नाही आणि दुसऱ्या दिवशी तो पेशंट आपला नाही. रेसिडेन्सीत निदान सकाळी राउंडला ओरडा तरी बसतो. ओरडा खायला एवढी आतुर बाई मी दुसरी पाहिली नाही.

मधल्या दिवसांत सोपी कामंही असतात. कॉल सेंटरच्या दवाखान्यात रात्रभर डोकेदुखी आणि कामावर यायला हरकत नाही अशा चिठ्ठ्या. मनिलातल्या एर्मिता भागात खलाशांची तपासणी. ब्लड प्रेशर जास्त निघालं तर बोट चुकेल या भीतीनंच तिथं माणसांचं प्रेशर चढतं. ती त्यांना बसवते, घरच्यांबद्दल विचारते, दहा मिनिटांनी पुन्हा मोजते. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरांना ही भीती सांगायला नको.

"मग सरकारीत का जात नाही?" हेही विचारता. 1993 पासून 'डॉक्टर्स टू द बॅरिओज' नावाची योजना आहे, डॉक्टर नसलेल्या गावात दोन वर्षं जायचं. तिचा अर्ज भरलेला आहे, पाठवलेला नाही. दोन वर्षं मी इथं आणि ती बेटावर, यावर आमचं रोज वेगळं मत असतं. "अमेरिका?" 2004 मध्ये इथल्या परवाना परीक्षेत पहिला आलेला डॉक्टर नर्स म्हणून अमेरिकेला गेला, त्यावर देशभर चर्चा झाली होती. त्या काळात हजारो डॉक्टरांनी डॉक्टरकी असताना नर्सिंग शिकून घेतलं. तिची एक मावशी त्यातलीच. दर ख्रिसमसला मावशीचा फोन येतो आणि तोच सल्ला येतो.

पैसे मिळतात, बरे मिळतात, पण थेंबाथेंबानं आणि पाकिटात. धाकट्या भावाची फी त्यातून जाते, त्यावर घरात चर्चा होत नाही. थोरलीनं करायचं असतं. कर मात्र स्वतंत्र व्यावसायिकासारखा. पावतीपुस्तक, जमाखर्चाची वही, ठरल्या तारखा. ही वही मी लिहितो, कारण तिचं अक्षर तिलाही लागत नाही. यंदा तिनं मेडिसिनसाठी तीन हॉस्पिटलांत अर्ज टाकलेत. कुठं लागली तर पगार सुरू होईल आणि वही बंद करता येईल. ती बंद करायलाही कर कार्यालयात अर्ज लागतो, तो मी आणून ठेवलाय.