हजर, बाई

शाळेतल्या माझ्या बरोबरीच्यांना आठवत असेल, मी तोतरा होतो. अजूनही आहे.

परिपाठाला प्रतिज्ञा आणि पसायदान मात्र खणखणीत म्हणायचो. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना बहुतेक अडखळणाऱ्यांची जीभ मोकळी होते, हे पुढे कळलं. घरी तेव्हा वाटायचं, पोरगा मुद्दाम करतो. वेखंड उगाळून चाटवूनही झालं.

हजेरीला ‘हजर’चा ‘ह’ घशातच अडायचा, म्हणून मी ‘उपस्थित’ धरलं. शब्द बदलायची ही विद्या पुढे फार वाढवली. कंडक्टरपुढे ‘दादर’ निघेना, की पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचं. हॉटेलात मित्राने मागवलं तेच खायचं. स्वतःचं नाव तेवढं बदलता येत नव्हतं, आणि गाडी अडायची नेमकी तिथेच.

मराठीच्या बाई धडा वाचायला मला कधी वगळत नसत. मी अडलो तरी पुढचा शब्द सांगायच्या नाहीत. वर्ग खिदळत असायचा आणि त्या माझ्याकडे बघत नुसत्या थांबायच्या. खोटं कशाला सांगू, मला त्या दुष्ट वाटायच्या.

नोकरीत मी अडखळणं इतकं बेमालूम लपवलं, की सगळे मला घुम्या समजत. बढतीची मुलाखत आजाराचं निमित्त काढून टाळली, तेव्हा बायकोने वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत नेलं. (बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी, १९८३ पासूनची सरकारी संस्था आहे. कुणाच्या मुलाला गरज असेल, म्हणून नाव देतोय.) तिथल्या मॅडमनी काम दिलं तेच उलटं: तिकीट खिडकीवर जायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मुद्दाम अडखळायचं. लपवायची भीती मोडायला हा उपाय जगभर वापरतात म्हणे. मला दरदरून घाम फुटला. मागून ‘अहो, आटपा!’ आलंच. खिडकीतला माणूस मात्र बाईंसारखा थांबला.

आता मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो, ‘मी अडखळतो, जरा थांबावं लागेल.’ निम्मा ताण तिथेच उतरतो. उरलेला निम्मा अजून आहे. फोनवर तर पुष्कळच.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो, लहान मुलांत त्याहून जास्त. शाळेचा आजचा पट पाहता, हजेरीला घसा आवळून बसणारी पाच-दहा पोरं आताही वर्गांत असणार. शिक्षकांनी त्यांची वाचनाची पाळी चुकवू नये.

शाळेच्या महोत्सव समितीने मला भाषणाला दोन मिनिटं दिली आहेत. पाच धरून ठेवा.