हुडीचं प्रकरण

मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात एचआर सांभाळते. मेमो, खुलासा, सही, फाइल हे रोजचंच. पण त्या दिवशी टेबलावर आलेला मेमो मी दोनदा वाचला. 'जेवणाच्या सुट्टीत युनिफॉर्मवर स्वतःची हुडी घालून कंपनीचा लोगो झाकला. ड्रेस कोडचा भंग.' समोर सेल्सवरची मुलगी, शेजारी फ्लोअर मॅनेजर.

"लोगो का झाकलास?"

"जेवता यावं म्हणून, मॅडम."

मॅनेजरना ते उर्मट वाटलं. मला नाही वाटलं. मी जुनं सीसीटीव्ही फुटेज मागवलं.

पायऱ्यांजवळच्या बाकावर ती जेवतेय. एक गृहस्थ येऊन ट्रायल रूम विचारतात. ती चमचा ठेवते, उठते, हाताने दाखवते. बसते न बसते तोच एक बाई बिल नाचवत येतात, कपडा परत करायचाय. हिच्या तोंडात घास, त्यामुळे मानेनंच 'हो' म्हणते आणि त्यांना काउंटरपर्यंत सोडून येते. मग खुद्द मॅनेजर, कुठल्याशा साइझचा स्टॉक विचारायला! हे सगळं त्या अर्ध्या तासात, ज्याचा पगार आम्ही देत नाही. हुडी आली ती त्यानंतर.

"युनिफॉर्म अंगावर आहे तोवर लोक तिला दुकानाची माणूस समजणारच," मॅनेजर म्हणाले. "ती गबाळी दिसली तर नाव कुणाचं जातं?"

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. नुसता युनिफॉर्म अंगावर आहे म्हणून सुट्टीचा वेळ कामाचा वेळ ठरत नाही. अमेरिकेतल्या केंद्रीय नियमांत तर जेवणाच्या सुट्टीत आवाराबाहेर जाऊ दिलंच पाहिजे असंही नाही. कामगार कामातून पूर्ण मोकळा असला की झालं. घोडं पेंड खातं ते या 'पूर्ण मोकळा'पाशी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या, दुकानं आणि कचेऱ्यांसाठीच्या करारातही कामाचे तास म्हणजे माणूस मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ. आणि २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे प्रागमधल्या एका अग्निशामकाचं प्रकरण आलं होतं. जेवणाच्या सुट्टीतही बोलावणं आलं की दोन मिनिटांत निघायची तयारी हवी. बंधनं इतकी असतील की तो वेळ माणसाला स्वतःसाठी वापरताच येत नाही, तर तो कामाचाच वेळ, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्या बाकावर आग लागत नव्हती, पण घास मात्र दर वेळी अर्धाच राहत होता.

"मग कपडे बदलून जेवायला जाऊ द्यायचं का?" मी विचारलं.

"बदलण्यातच दहा मिनिटं जातील," ते स्वतःच म्हणाले.

"लोगो दिसायलाच हवा असेल तर अर्धा तास पगारी करू या."

"ते माझ्या हातात नाही, मॅडम."

"मग हुडी राहू दे."

मेमोवर 'रद्द' असा शेरा मारला आणि तिथेच दोन ओळींचा नियम खरडला: विनापगारी सुट्टीत लोगो झाकायला हरकत नाही, सुट्टीवरच्या कर्मचाऱ्याला कामाचं विचारू नये, मॅनेजरनीही. 'मॅनेजरनीही' काढा, असा त्यांचा बराच आग्रह होता. मी काढलं नाही. शेवटी त्यांनी सही केली, पण हुडी काळीच हवी ही अट घालून. मुलीची होती गुलाबी. काळीच हवी तर खर्च कंपनीनं द्यावा, असं मी खाली लिहिलं. ती फाइल अजून अकाउंट्सकडे आहे आणि गुलाबी हुडी सुरूच आहे.