अण्णांना आलेली पत्रिका

सकाळी अण्णांच्या मोबाइलवर ‘लग्नपत्रिका’ आली. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाइल. मे महिन्यात पंचवटीत कुणाचंही लग्न निघू शकतं, त्यामुळे ते बोट लावणारच होते. पुतण्याने फोन हिसकावला.

मग कॉलेज रोडला मिसळ खायचा बेत बाजूला राहिला आणि त्याने ती फाइल इन्स्टॉल न करता लॅपटॉपवर उलगडून दाखवली. एपीके म्हणजे मुळात झिपच, अनेक फाइल्सची एक पुडी, हे मला आज कळलं! आत मॅनिफेस्ट नावाची फाइल असते, ॲप कशाकशाची परवानगी मागणार त्याची यादी. आता पत्रिकेला आपले एसएमएस कशाला वाचायचे असतात हो? बँकेचा ओटीपी आला की गुपचूप पुढे पाठवायला.

“काका, २००४ चा कॅबिर नावाचा मोबाइल व्हायरस त्यापेक्षा गरीब होता,” पुतण्या म्हणाला. सिम्बियन प्रणालीच्या जुन्या फोनवर ब्लूटूथने पसरायचा, स्क्रीनवर ‘Caribe’ असा शब्द झळकवायचा आणि सतत आजूबाजूचे फोन शोधत बॅटरी खायचा. बस्स. तोही ‘घेऊ का?’ला आपण हो म्हटल्यावरच आत यायचा.

मी पुरता रंगलो होतो. अण्णा मात्र रात्री जेवतानाही विचारत होते, “ते सगळं ठीक आहे रे, पण लग्न कुणाचं होतं?”