माळ्यावर ठेवलेली प्रवचने

वसई. शुक्रवार, उपवासकाळाचा तिसरा आठवडा.

चर्चमधली 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना आटोपून संध्याकाळी घरी आले, तेव्हा भाची माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर फरशीवर बसली होती. ख्रिस्ती श्रद्धेविषयी काही वाचायचे आहे, पण गोष्टीच्या रूपात, असे ती महिनाभर म्हणत आहे. मी दिलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या तिने अर्ध्यावर सोडल्या आणि आज परत करताना म्हणाली, "मावशी, शेवटी सगळे सुधारणारच असतील तर आधी सांग, मग मी वाचायला घेत नाही."

तिच्या बोलण्याचे मला वाईट वाटले नाही, कारण तिची तक्रार माझीही आहे. अशा कादंबऱ्यांत पापी माणूस असतो तो केवळ पश्चात्ताप करण्यासाठी, संशयी माणूस तेवढेच प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरे लेखकाच्या खिशात तयार असतात, आणि आजारपण येते ते प्रार्थना ऐकली जावी म्हणून. मी चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, आणि चांगले प्रवचन मला मनापासून आवडते. परंतु गोष्ट वाचताना पुढे काय होणार हे निदान लेखकाला तरी ठाऊक नसावे, असे मला वाटत राहते. कंटाळा श्रद्धेचा येत नाही. आधीच लागलेल्या निकालाचा येतो.

आपल्या मराठीत हा पेच फार जुना आहे. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक याच पुस्तकाचे नाव घेतात. यमुना प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांना भेटते, पुढे तिच्यावरही वैधव्य येते, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. शेवट ठरलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्या विधवांच्या कहाण्या आजही अंगावर येतात, कारण त्या पानांवर लेखक ऐकत असतो. धर्मचर्चेची पाने आली की तो ऐकायचे सोडून बोलू लागतो, आणि माझे बोट आपोआप पुढच्या पानाकडे जाते. एकाच पुस्तकात दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ पाहिल्यामुळेच उपदेश कुठे सुरू होतो हे मला कळू लागले असावे.

मला हवे होते ते पहिल्यांदा सापडले जपानी लेखक शुसाकू एन्दो यांच्या 1966 च्या 'सायलेन्स' या कादंबरीत. आम्हा वसईकरांना नागासाकी हे नाव लहानपणापासून ठाऊक असते, कारण वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये तिथल्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मरण पावले. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा ऐकताना मला नेहमी एक भीती वाटे, जी मी कधी कुणाला सांगितली नाही: त्या जागी मी असते, तर मी डगमगले असते. संतांच्या कथेत डगमगणाऱ्यांना जागा नव्हती. एन्दोंनी ती जागा दिली.

त्यांचा रोद्रिगीश हा तरुण येशूसंघीय धर्मगुरू पोर्तुगालहून गोव्यामार्गे जपानला जातो, तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आलेली असते. संशयितांपुढे ख्रिस्ताची प्रतिमा जमिनीवर ठेवली जाते आणि तिच्यावर पाय ठेवायला सांगितले जाते. असंख्य पायांखाली झिजून त्या प्रतिमेवरचा चेहरा जवळजवळ पुसला गेला आहे. रोद्रिगीशने पाय ठेवला नाही, तर यातना त्याला नव्हे, खड्ड्यात उलट्या टांगलेल्या शेतकऱ्यांना भोगाव्या लागणार आहेत. आणि त्याच्या मागे मागे फिरतो किचिजिरो, जो भीतीपोटी विश्वासघात करतो, मग पापांची कबुली देण्यासाठी त्याच धर्मगुरूकडे परत येतो, पुन्हा घसरतो आणि पुन्हा येतो. त्याची किळस येते, धर्मगुरूलाही येते. लेखक त्याला सुधारत नाही आणि हाकलूनही देत नाही. लहानपणची ती भीती मला या माणसात भेटली, आणि त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी न पाठ केलेली प्रार्थना केली.

भाचीला मात्र आज मी मॅरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड' काढून दिली. 2004 ची ही कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका लहान गावचा वृद्ध पाळक, हृदयविकाराने मरण जवळ आलेले, आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी पत्र लिहीत बसतो. धर्मोपदेशकच निवेदक म्हटल्यावर भाचीने साशंक नजरेने माझ्याकडे पाहिले. मी तिला सांगितले की या गृहस्थाने आयुष्यभरात दोन हजारांहून अधिक प्रवचने लिहून माळ्यावर पेट्यांत ठेवली आहेत, आणि त्या पेट्यांचे काय करावे हे त्याला सुचत नाही. त्याला त्रास देतो तो जिवलग मित्राचा बिघडलेला मुलगा, ज्याला त्याचेच नाव दिलेले आहे. या जॅकला क्षमा करणे त्याला जमत नाही. काही माणसे नाशासाठीच जन्मतात का, असे जॅक एकदा सरळ विचारतो, तेव्हा हा विद्वान पाळक आढेवेढे घेतो आणि उत्तर देते ती त्याची अबोल, फारशी न शिकलेली बायको. माणूस बदलू शकतो, असे ती म्हणते. जॅक गाव सोडून निघतो, तेव्हा बसची वाट पाहत असताना म्हातारा त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतो. जॅक पुढे सुधारला की नाही, हे आपल्याला कळत नाही.

भाचीने पुस्तक पिशवीत घातले, तेवढ्यात मी ते परत मागून घेतले. पुस्तक भेट देताना पहिल्या पानावर बायबलमधले एखादे वचन लिहायची माझी सवय आहे, आणि पेन उघडून मी योग्य वचन आठवू लागले होते. मग फक्त तिचे नाव आणि आजची तारीख लिहिली.