पंचेचाळिशीनंतर स्नायू कमावताना : माझा अनुभव

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि ही घट दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के असते, असे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले, तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटून गेली होती. रोजचे चालणे नियमित होते, वजनही आटोक्यात होते. पण जड सामान घेऊन जिना चढताना मांड्या भरून येत आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागे. चालण्याने दमसास वाढतो, मात्र स्नायूंची ताकद आणि आकार वाढवायचा असेल तर त्यांच्यावर भार टाकावा लागतो आणि अंगवळणी पडेल तसतसा तो वाढवत न्यावा लागतो. म्हणून मी जिममध्ये नाव घातले.

प्रशिक्षकांनी मोजकेच व्यायाम दिले : स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे), रोइंग (वजन पोटाकडे ओढणे) आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा प्रेस. एकाच वेळी अनेक सांधे आणि मोठे स्नायू कामाला लावणारे हे व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून करायचे असे ठरले. या मोकळ्या दिवसाला कारण आहे. भार पेलल्यानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधण्याचा वेग साधारण एक ते दोन दिवस वाढलेला राहतो; म्हणजे व्यायाम संपल्यावरही बांधणीचे काम चालूच असते.

स्क्वॉटची सुरुवात वीस किलोच्या नुसत्या बारने, म्हणजे वजने अडकवायच्या लोखंडी दांड्याने, झाली. खाली जाण्यापूर्वी पोटभर श्वास घेऊन कंबर घट्ट धरायची, टाचा जमिनीला चिकटवून ठेवायच्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने उघडायचे आणि वर येताना छाती पुढे कोसळू द्यायची नाही, एवढे अंगी बाणेपर्यंत प्रशिक्षकांनी वजन वाढवू दिले नाही, आणि त्यांचे अगदी योग्य होते. त्यानंतर प्रत्येक व्यायामाचे वजन, रेप्स (एका दमात केलेल्या आवृत्त्या) आणि सेट (अशा आवृत्त्यांच्या फेऱ्या) मी एका वहीत लिहू लागले. ठरलेल्या रेप्स सर्व सेटमध्ये नीट झाल्या, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. सेट किती रेटायचा हे कळायला थोडा काळ जावा लागला. शेवटच्या रेपला बार अर्ध्यावर येऊन मंदावतो, मांड्या थरथरतात, पण पाठ सरळ राहते आणि आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या असे वाटते, तिथे थांबायचे. बार जराही मंदावत नसेल तर वजन कमी आहे, आणि पाठ वाकू लागली तर जास्त आहे.

पहिल्या दोन महिन्यांत वजने भराभर वाढली, मापपट्टी मात्र जागची हलली नाही. सुरुवातीची ताकद प्रामुख्याने मज्जासंस्थेमुळे येते : आहेत तेच स्नायुतंतू अधिक संख्येने आणि अधिक एकजुटीने कामाला लागतात. डोळ्यांना दिसणारी वाढ त्यानंतरची. नवख्या माणसाने या टप्प्यावर कंटाळून सोडून देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

प्रोटीन पावडरचा विचार मी हिशेब मांडून केला. प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरेसे मानले जाते, पण ते गरज भागण्यापुरते. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांना दिवसाला दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो आणि त्यापलीकडे तो फारसा वाढत नाही, असे दिसले. माझ्या साठ किलो वजनाला हे ९६ ग्रॅम होतात. रोजचे खाणे मोजून पाहिल्यावर पंचावन्नच्या आसपास भरले. उरलेल्या चाळिसांपैकी चोवीस ग्रॅम पावडरच्या एका स्कूपमधून (डब्यातल्या मापाच्या चमच्यातून) मिळतील आणि बाकीचे जेवणातच वाढवता येतील, असे ठरवले. त्याच आढाव्यात पावडर घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी केवळ ०.३ किलोने अधिक वाढले होते. पावडरकडून किती अपेक्षा ठेवावी, हे या एका आकड्याने मला नेमके सांगितले : मुख्य काम बारखालीच होते.

डबा निवडताना लेबल वाचणे महत्त्वाचे आहे, आणि इथे मी मुद्दाम वेळ घालवला. दुधातील प्रथिनांपैकी साधारण २० टक्के व्हे (दूध फाटल्यावर निवळीत राहणारी प्रथिने, ज्यांची पावडर बनते) असते, उरलेले केसीन. व्हे कॉन्सन्ट्रेट या कमी गाळलेल्या पावडरमध्ये प्रोटीन ८० टक्क्यांपर्यंत असते. अधिक गाळलेल्या आयसोलेटमध्ये ते ९० टक्के किंवा अधिक असते आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी कमी. कॉन्सन्ट्रेटने माझे पोट फुगत असे, आयसोलेट पचले. स्कूपचे वजन आणि त्यातले प्रोटीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : तीस ग्रॅमच्या स्कूपमध्ये चोवीस ग्रॅम प्रोटीन ठीक, पंधराच असेल तर उरलेले काय आहे ते पाहावे. आणखी एक बारकावा आहे. प्रोटीन मोजण्याची १८८३ पासूनची केल्डाल पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला सहसा ६.२५ने गुणते. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिन यांसारखे नायट्रोजन असलेले स्वस्त घटक मिसळले, तर स्नायूंना उपयोग नसतानाही लेबलवरचा आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी दिसली की मी तो डबा परत ठेवते, आणि स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलेच उत्पादन घेते.

व्यायाम संपताच घाईघाईने पावडर प्यायलीच पाहिजे, असे नाही. दिवसभराची बेरीज अधिक महत्त्वाची. मी ती तीन-चार खाण्यांत विभागून घेते.

पुढे रोज तीन ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारे पूरक) सुरू केले, तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत वजन किंचित वाढले. स्नायूंमध्ये पाणी साठल्याने असे होते. रक्त तपासणीत क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजला जाणारा टाकाऊ घटक) नेहमीपेक्षा थोडे वर आले. क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन बनते आणि स्नायू अधिक असले तरी ते वाढते, त्यामुळे हा आकडा एकट्याने मूत्रपिंडाचा बिघाड दाखवत नाही. डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी करून घेतली आणि ती व्यवस्थित आली. तेव्हापासून रक्त देण्यापूर्वी क्रिएटिन आणि पावडर दोन्ही घेत असल्याचे मी आधी सांगते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र माझा ९६ ग्रॅमचा हिशेब मुळीच लावू नये. त्यांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवी.