काही विशेष नाही

डब्लिन, मंगळवार.

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत आणि खिडकीतून अजून उजेड येतोय, आपल्याकडे संध्याकाळी सातला असतो तसा. या उजेडानं झोपेचं पार खोबरं केलंय. की उजेडाचं नुसतं निमित्त आहे, कोण जाणे.

रविवारचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. वाक्य तरी कसलं, दोन शब्द. लेकीच्या, मनूच्या ऑफिसमधली माणसं जेवायला आली होती. बटाटेवडे संपले होते आणि मी कवी येट्सवर बोलत होते. शनिवारी स्लायगोला जायचंय, बेन बुल्बेनच्या पायथ्याशी ड्रमक्लिफला त्याची कबर बघायची आहे, लॉख गिलमधलं ते इनिसफ्री बेट काठावरून का होईना डोळ्यांखालून घालायचंय, असं सगळं. चांगलं रंगात आलं होतं. तेवढ्यात दादाचा फोन. कापला. परत आला. परत कापला आणि फोन पालथा घातला. समोरच्या मुलीनं काळजीनं विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, "ओह, नथिंग इम्पॉर्टंट."

किती पटकन म्हटलं. सराईतासारखं.

दादानं नंतर फोन केला नाही. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. दादानं! ज्याचं सगळं बोलणं एका अंगठ्यात भागतं, त्यानं. मी ऐकला नाही. म्हटलं, ऐकायचंय काय त्यात. जून लागला, नांगरट झाली असणार, आणि नानांच्या संज्यानं बांध कोरला असणार. दर वर्षी नांगराचा एक तास. आबा होते तेव्हा नाना बैलांनी कोरायचे, आता संज्या ट्रॅक्टरनं कोरतो, एवढाच काय तो फरक.

आणि माझं आता तिथं आहे तरी काय? सही करून मोकळी झालेय. त्या दिवशी वहिनीनं खणानारळानं ओटी भरली होती, आणि मी... जाऊ दे.

आज मनू ऑफिसला गेल्यावर घर खायला उठलं. इथं माझ्या हाताला कामच नाही. भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं, आणि मी यंत्रांच्या मधे मधे येते. तिथं माहेरवाशीण, इथं पाहुणी. साठीला आले आणि माझी म्हणावी अशी जागा कुठली, तर विमानातली खिडकीशेजारची, तीही जादा पैसे भरून घेतलेली. असं स्वतःला कुरवाळत कुरवाळत ग्रँड कॅनॉलच्या काठानं चालत सुटले.

बॅगट स्ट्रीटच्या पुलाजवळ बाकावर एक ब्राँझचा माणूस बसलाय. हाताची घडी, पायावर पाय, हॅट काढून शेजारी ठेवलेली, नजर पाण्यावर. चेहरा असा की एसटीच्या फलाटावर बसलाय आणि गाडी येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. मी हॅटच्या पलीकडे टेकले. कालव्याच्या दारावरून पाणी धबाधबा पडत होतं. नाव वाचलं: पॅट्रिक कॅव्हनॉ. बी.ए.ला नव्हता, एम.ए.ला नव्हता, म्हणजे माझ्या लेखी नव्हताच. अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी.

फोनवर शोधला. 1904 चा जन्म, मोनाहन परगण्यातलं इनिशकीन. बाप चांभारकाम करून थोडी शेती करणारा. तेराव्या वर्षी शाळा सुटली. 1931 मध्ये एका मोठ्या लेखकाला भेटायला गावाहून डब्लिनपर्यंत ऐंशी किलोमीटर चालत आला. (हे वाचून मला उगाच तो आपल्यातला वाटला. आपल्याकडे विठोबासाठी चालतात, यानं लेखकासाठी पायपीट केली.) 1939 मध्ये कायमचा इथं आला. 1955 मध्ये कॅन्सरनं एक फुप्फुस काढावं लागलं, आणि तो उन्हाळा त्यानं याच काठावर बसून काढला. माझी आठवण ठेवायची तर पाण्याकाठी ठेवा, थडगं नको, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला बाक करा, असं कवितेत लिहून ठेवलं. लोकांनी ऐकलंही. म्हणजे मी आमंत्रणावरूनच बसले होते.

मग त्याची 'एपिक' नावाची कविता उघडली. महाकाव्य म्हणे, आणि ओळी मोजून चौदा.

पहिल्याच ओळीत 'इम्पॉर्टंट' हा शब्द.

म्हणतो, मी फार महत्त्वाच्या ठिकाणी राहिलोय, फार मोठ्या गोष्टींचा निकाल लागत होता अशा काळात. कुठल्या गोष्टी? तर अर्धा रूड खडकाळ जमीन कुणाची. दोन घराण्यांचं भांडण, एकमेकांच्या नावानं शिव्याशाप. एक म्हातारा कंबरेपर्यंत उघडा, समोरच्या पोलादी पात्यांना न जुमानता पावलं टाकत हद्द दाखवतोय. तिथं 'मार्च' असा शब्द आहे. मी आधी लष्करी चाल समजले, मग महिना. तो निघाला बांध! तिकडच्या बोलीत मार्च म्हणजे हद्द. म्हातारा म्हणतोय, या लोखंडासारख्या दगडांच्या रांगेनं बांध आहे.

अर्धा रूड म्हणजे किती ते बघितलं. एक रूड म्हणजे पाव एकर. एकराचे चाळीस गुंठे, पाव एकराचे दहा, अर्ध्या रूडचे पाच.

पाच गुंठे! आयर्लंडचं महाकाव्य पाच गुंठ्यांवर उभं आहे आणि मी शनिवारी बेट बघायला चाललेय.

पुढे तो म्हणतो, हे ज्या वर्षी झालं ते म्युनिकच्या लचांडाचं वर्ष. म्हणजे 1938. चार देशांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला. ज्यांची जमीन, त्यांना बैठकीला बोलावलंसुद्धा नव्हतं. कॅव्हनॉ विचारतो, यातलं महत्त्वाचं कुठलं? आपल्या वाड्यावस्त्यांवरचा त्याचा विश्वास डळमळायला लागतो. मग होमरचं भूत येऊन कानात कुजबुजतं, मी इलियड असल्याच एका गावातल्या भांडणातून केलं. शेवटी देवांचं एक वाक्य आहे, ते मला जरा जास्तच झाल्यासारखं वाटलं. होमरवर थांबायला हरकत नव्हती.

येट्सचं बरं होतं. लंडनच्या फरसबंदीवर उभं राहून त्यानं नऊ वाफे घेवड्याचं आणि एका मधमाश्यांच्या पोळ्याचं स्वप्न बघितलं, तेही बेटावर. बेटाला बांध नसतो. शेजारी चुलतभाऊ नसतो.

तर मी तिथंच बसून दादाचा आवाज लावला.

आधी नुसता वारा. मग ट्रॅक्टरची घरघर. मग संज्या: "आरं तुझ्या आयला, हितंच व्हता म्हणतोय ना दगूड!" मग दादाचं काहीतरी, ते इथं लिहीत नाही. आणि या सगळ्याच्या मागे एक कापरा आवाज, एका लयीत, "सतरा... अठरा... एकोणीस..." नाना! शहाऐंशी वर्षांचे नाना पावलांनी बांध मोजत होते. बंडीवर असणार, दुसरं कशावर असणार. मधेच थांबले, खोकले, आणि परत अठरापासून सुरू केलं. ब्राँझच्या माणसाकडे बघायची मला सोय राहिली नाही.

शेवटच्या वीस सेकंदांत दादा माझ्याशी बोलतो. "सुमे, आबांनी दगूड कुठं रवला हुता गं? लिंबाच्या अल्याड का पल्याड? तवा तूच हुतीस त्यांच्यासंगं. मी शाळंत हुतो. आठवतंय का बघ."

म्हणजे तो भांडण सांगायला फोन करत नव्हता. विचारत होता. आख्ख्या गावात आता फक्त मलाच माहीत असलेली गोष्ट विचारत होता, आणि मी फोन पालथा घालून म्हटलं, नथिंग इम्पॉर्टंट.

आठवतंय. का नाही आठवणार. मी नऊ वर्षांची. आबांनी पहारीनं खड्डा घेतला, गुडघाभर. दगड रवायच्या आधी तळाला टोपलीभर कोळसा टाकला, कोळसा कुजत नाही म्हणून. मग धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढली आणि सोडून खड्ड्यात उपडी केली. हिरव्या काकणांचे तुकडे. काचही कुजत नाही, म्हणाले. दगूड कुणी हलवला तरी हे हितंच राहील. मी विचारलं नाही काकणं कुणाची. आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

चार वाजले होते, म्हणजे गावाकडे साडेआठ. दादा जेवून ओट्यावर आलेला असणार. लावला फोन. रविवारचं काहीतरी सांगायला लागले, माणसं होती, जेवणं चालली होती. तो म्हणाला, "आसूं दे की." ते फार लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

मग मी सांगितलं. "दादा, अल्याड होता. लिंबाच्या आपल्या बाजूला. खणून बघ, कोळसा लागेल."

पलीकडे शांतता. अल्याड म्हणजे संज्या बरोबर. अल्याड म्हणजे सतरा-अठरा करत खोकणारे नाना बरोबर, आणि गेली कित्येक वर्षं बांध कोरत आलो ते आपणच. हे माझ्या तोंडून निघेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"बरं," दादा म्हणाला. मग म्हणाला, "जेवलीस का?" मग म्हणाला, "न्हाई, म्हंजे नीट आठवून बघ. काय घाई न्हाई. ल्हान हुतीस तू."

काकणांचं मी बोलले नाही. तो खणेल न खणेल.

संध्याकाळी मनू आली. मामाचा फोन कशाला होता, म्हणाली. तोंडात पहिलं तेच आलं, काही विशेष नाही. गिळलं आणि सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, एकूण जागा किती आहे ती? मी हिशोब केला. लांबी पावणेतीनशे फूट, वादाची पट्टी तीन फुटांची. पाऊण गुंठा. गुंठा म्हणजे? म्हणाली. मग मी चपला काढल्या आणि तिच्या भिंतीपासून पावलं टाकायला लागले, मोठ्यानं मोजत. स्वयंपाकघर, हॉल, दोन्ही खोल्या, बाथरूम. सोफा आडवा आला तेव्हा तिनं सरकवून दिला.

तिचा फ्लॅट पाऊण गुंठ्याला अगदी थोडा कमी भरला. भाडं किती म्हणून विचारलं. तिनं सांगितलं.

दादाला हा आकडा कळता कामा नये.